बाळासाठी पाळणा पाठवायचा आहे? आधी हे वाचा



नाताळ जवळ आला की आमच्याकडे पार्सलं यायला लागतात. स्वेटर, ब्लँकेट, कुंच्या, दुपटी. यंदा त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. पलंगाला लावून ठेवायचे घडीचे पाळणे आता शहरातल्या दुकानांत मिळतात. बाळ आईच्या हाताच्या अंतरावर झोपतं, आईकडची बाजू खाली सोडता येते आणि प्रवासाला निघताना पाळणा मिटून पिशवीत भरता येतो. जव्हार-मोखाड्याच्या बाळंतिणींसाठी असा पाळणा पाठवला तर चालेल का, आणि कोणता घ्यावा, असं चौघापाचजणांनी विचारलं. पुण्याच्या एका आजींना तर दोन घ्यायचे आहेत, एक स्वतःच्या नातीसाठी आणि एक आमच्या पाड्यावरच्या बाळासाठी. एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून संपादकांकडून ही पानं मागून घेतली.

नवजात बाळाच्या घरी भेटीला गेले की वजन, ताप, श्वास आणि नाळ मी पाहतेच. पण त्याआधी विचारते, रात्री बाळ कुठे झोपतं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "आईपाशी." आणि ते बरोबरही आहे. पहिले सहा महिने तरी बाळानं आईच्या खोलीत, तिच्या जवळ झोपावं, असंच बालरोगतज्ज्ञ जगभर सांगतात. आई जवळ असली की दूध वेळेवर मिळतं, आणि बाळ कण्हलं, थंड पडलं किंवा त्याचा श्वास बदलला तर ते लगेच कळतं. पण "आईपाशी" म्हणजे नेमकं कुठे? अंगाखाली येण्याइतकं जवळ, एका गोधडीत, की शेजारी पण स्वतःच्या जागेवर? पाळण्याची निवड करायची ती या प्रश्नासाठी.

बाळ गुदमरतं कसं, हे एकदा समजलं की दुकानातली निम्मी माल आपोआप बाजूला पडतो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान अगदीच लेची. डोकं पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबते, आणि ती सरळ करून घेण्याची ताकद त्याच्यात नसते. त्याचं नाक एखाद्या मऊ वस्तूत रुतलं तर सोडलेलीच हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. यात रडण्याचा आवाज होत नाही, धडपडही फारशी होत नाही. शेजारी झोपलेल्या आईला काही कळतही नाही. झोपेतल्या अशा अचानक मृत्यूंचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि सहा महिन्यांनंतर तो पुष्कळच उतरतो. म्हणजे आपण पाळणा निवडतो तो मुख्यतः या पहिल्या सहा महिन्यांसाठी.

त्यामुळे बाळाच्या बिछान्याकडून अपेक्षा तीनच आहेत. तो सपाट असावा, घट्ट असावा आणि रिकामा असावा. बाकी चाकं, खिसे, दिवे, गाणी यांची किंमत दुकानदार घेतो, पण बाळाला त्यांचा उपयोग नाही.

सपाट म्हणजे खरोखर सपाट. डोक्याकडची बाजू उचललेले, आरामखुर्चीसारखे पाळणे "दूध उलटत नाही" असं सांगून विकले जातात. त्यात झोपलेलं बाळ हळूहळू खाली घसरतं आणि त्याची मान मुडपते. अमेरिकेत २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला असे लाखो पाळणे परत बोलवावे लागले, कारण त्यांत झोपलेली तीसहून जास्त बाळं दगावली होती. २०२२ मध्ये तिथे १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या झोपण्याच्या पाळण्यांवर कायद्यानंच बंदी आली. कडेनं बांधायच्या जाड गाद्यांवरही त्याच कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे मात्र दोन्ही वस्तू भेटीच्या सुंदर खोक्यांतून अजून येतात.

दूध उलटण्याची भीती इथल्या सासवांना असते तितकीच शहरातल्या आजींनाही असते, म्हणून थोडं सांगते. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढ चढावा लागतो. बाळ पालथं असलं की हे उलटं होतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच झोपेतले हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्यासाठी ना औषध लागलं ना यंत्र. पालथं घालायचंच असेल तर बाळ जागं असताना, तेल लावायच्या वेळी, डोळ्यांसमोर घालावं. त्यानं मानेत ताकदही येते.

गादी घट्ट आहे का, हे तळहातानं कळतं. गादी दाबून हात उचला. खड्डा तसाच राहिला तर ती बाळासाठी नाही. गादी आणि पाळण्याची भिंत यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तरीही नको, त्या फटीत बाळाचं तोंड अडकतं. पाळण्याबरोबर आलेली गादी पातळ वाटते म्हणून पुष्कळ घरांत वरून दुसरी मऊ गादी घालतात. ती घालू नये. पातळच बरी.

रिकामा म्हणजे उशी नको, लोड नको, कापसाचा ससा नको, सैल चादर नको. डोक्याला गोल आकार यावा म्हणून राईची उशी देण्याची आपली जुनी चाल आहे. ती माया मला समजते, पण झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली तीही नको. बाळ जागं असताना कडेवर घेतलं, पालथं खेळवलं की डोकं आपोआप आकार घेतं. गळ्यातला काळा दोरा, ताईत किंवा साखळी याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. तो गळ्याऐवजी कमरेला बांधा, एवढंच सांगते. एवढं सांगितलं तर आया ऐकतात.

पलंगाला लावायच्या पाळण्यात आणखी एक जागा जपावी लागते. पाळणा आणि आईची गादी यांच्यामध्ये फट राहते. पाळणा पट्ट्यांनी पलंगाला आवळलेला असला पाहिजे, दोन्ही गाद्या एका पातळीत आल्या पाहिजेत, आणि आईकडची बाजू खाली सोडली तरी बाळाच्या गादीपेक्षा वर उंचवटा राहिला पाहिजे. नाहीतर बाळ मोठ्या पलंगावर सरकतं किंवा मधल्या फटीत जातं. नुसता ढकलून टेकवलेला पाळणा आईनं कूस बदलली की हलतो. पट्ट्या लावायच्या नसतील तर चौथी बाजू वर घेऊन, खटका लागल्याचा आवाज ऐकून, मगच बाळ ठेवावं. भिंती जाळीच्या असाव्यात, हवा खेळली पाहिजे. लाकडी गजांचा पाळणा असेल तर दोन गजांतलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग बाहेर निसटतं आणि डोकं आत अडकतं. एक बाजू पूर्ण खाली सरकणारे जुने लाकडी पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत. त्यांची बिजागरी ढिली झाली की बाजू सुटते आणि त्या फटीत बाळ अडकतं. म्हणून माळ्यावरचा पिढीजात पाळणा भावनेपोटी उतरवण्याआधी त्याचा एकेक स्क्रू हलवून बघा.

प्रवासासाठी घेणार असाल तर दुकानातच तो स्वतः दोनदा उघडून मिटा. अर्धवट उघडलेला असतानाही उभा राहणारा पाळणा धोक्याचा, तो बाळासकट मिटू शकतो. अशा पाळण्यांवर वजनाची मर्यादा छापलेली असते, पुष्कळांवर ती ९ किलो असते. पण वजनाच्या आधी वय संपतं. बाळ कुशीवर वळायला लागलं किंवा हातांवर उठू लागलं की बाजू सोडलेल्या पाळण्याचा काळ संपला, मग तो नवाकोरा असला तरी. एवढं पाहून पुण्याच्या आजींनी नातीसाठी जरूर घ्यावा. त्यांच्या घरी पलंग आहे, फरशी सपाट आहे, आणि धुतलेलं कापड वाळतं.

आता दुसरा पाळणा. आमच्या पाड्यावर तो कुठे ठेवायचा?

कारवीच्या कुडाचं घर, शेणानं सारवलेली जमीन, एका बाजूला चूल, आणि रात्री सगळं कुटुंब जमिनीवर ओळीनं झोपलेलं. पलंग नाही, मग "पलंगाला लावायचा" या शब्दांतच अडचण आहे. दुकानातला पाळणा शहरी पलंगाच्या उंचीचा. आई खाली आणि बाळ गुडघ्याच्या वर. रात्री चारपाच वेळा उठून, वाकून, उचलून पाजायचं आणि पुन्हा वर ठेवायचं. दिवसभर शेतात राबलेली बाई दोन रात्री ते करील आणि तिसऱ्या रात्री बाळ खाली तिच्याजवळ येईल. असे दोन पाळणे मागे एका दात्यानं प्रेमानं दिले होते. महिनाभरानं एकात तांदळाची पिशवी होती आणि दुसऱ्यात कोंबडीची पिल्लं. मला त्यात त्या घराचा अवगुण दिसला नाही. घरातल्या म्हातारीनं विचारलं, "बाय, एवढंसं पोर आईपासून वर कशाला टांगायचं?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता.

शिवाय सारवलेल्या जमिनीला उंचसखल असतोच. चार पायांचा पाळणा तीन पायांवर डुगडुगतो. जून ते सप्टेंबर इथे ऊन पडत नाही, कापड ओलं राहतं, त्याला बुरशी धरते, चेन गंजते. आणि पाळण्याचा एक खिळा हरवला तर नवा आणायला दुकान कुठे आहे?

मग झोळी का नको, असं कुणी म्हणेल. आढ्याला किंवा वाशाला जुनं लुगडं बांधून केलेली झोळी इथल्या प्रत्येक घरात आहे, आणि माझ्या लहानपणी आमच्याही घरी होती. ती जमिनीपासून वर राहते. विंचू, मुंगी, कुत्रं, कोंबडी यांपासून बाळ वाचतं, झोका मिळतो आणि आईचे हात कामाला मोकळे होतात. बाहेरून येणारी काही मंडळी झोळी पाहून नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. पण तिचा दोषही सांगितला पाहिजे. कापड मध्ये खोलगट होतं, त्यामुळे लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते, आणि दोन्ही कडा वरून मिटून तोंडावर येतात. दोन्ही टोकांना आडवी काठी घातली की कडा उघड्या राहतात. ती काठी प्रत्येक झोळीला हवीच. तरी तळाचा खोलगटपणा जात नाही. म्हणून आमचं सांगणं असं: दिवसा, कोणीतरी जागं माणूस बाळाचं तोंड पाहू शकेल अशी, जमिनीपासून फार उंच नसलेली झोळी चालेल. रात्री, सगळे झोपल्यावर नको. आणि जेमतेम दोन किलोचं, अशक्त बाळ झोळीत दिवसाही नको.

अशा बाळांची गोष्टच वेगळी. अडीच किलोच्या आत जन्मलेली बाळं आमच्याकडे पुष्कळ असतात आणि त्यांना पहिल्या आठवड्यांत सर्वांत मोठी भीती थंडीची असते. त्यांना पाळणा नकोच. त्यांची जागा आईची उघडी छाती. बाळ उभं, पोटाला पोट लावून, मान एका बाजूला वळवलेली, वरून कापडानं बांधलेलं आणि आई थोडी रेलून बसलेली. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून लगेच, दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितकं जमेल तितकं असंच ठेवावं. आई थकली की बाप, आजी, मावशी. बापाच्या छातीवर बाळ बांधलं तेव्हा सगळा पाडा हसायला आला होता. हसून झाल्यावर दोघातिघांनी आपणही करून पाहिलं.

पण बाळ अडीच किलोच्या पुढे गेलं, अंग धरू लागलं, की रात्रीची ओळ येते: बाप, दोन मोठी मुलं, आई, बाळ. जमिनीवर एका अंथरुणात सगळे. नुसतं एवढ्यानंच धोका होतो असं नाही. धोका वाढतो तो काही गोष्टींनी. शेजारच्या कोणी दारू किंवा ताडी घेतली असेल, कोणी बिडी ओढत असेल, आई आजारी किंवा झोपेनं मेलेली असेल, बाळ मोठ्या भावंडाच्या बाजूला असेल, किंवा एक जाड वाकळ सगळ्यांवर असेल तर. सण-लग्नाच्या रात्री यातल्या तीन-चार गोष्टी एकदम जमतात. बाळंतिणीला शेक देण्यासाठी बंद घरात निखारे ठेवतात, त्याचा धूर आणि विषारी वायू वेगळाच. म्हणून झोपण्याआधी निखारे बाहेर काढायला आम्ही लावतो.

या ओळीतच बाळाला स्वतःची छोटी जागा करून देता येईल का? न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी हाच विचार केला. तिथेही आई-बाळानं एकत्र झोपण्याची रीत जुनी, आणि "बाळाला दुसरीकडे झोपवा" हे डॉक्टरांचं सांगणं कोणी मनावर घेत नव्हतं. २००६ च्या सुमारास त्यांच्यातल्याच आरोग्याचं काम करणाऱ्यांनी हाराकेके नावाच्या लांब पानांच्या वनस्पतीपासून सपाट तळाची, उथळ टोपली विणायला सुरुवात केली. तिचं नाव वाहाकुरा. टोपली आईच्या अंथरुणातच ठेवायची, बाळ तिच्यात. जवळीक तशीच राहते आणि अंगाखाली येण्याची भीती जाते. २०११ च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर, घरं मोडून माणसं दाटीवाटीनं राहू लागली तेव्हा, त्याच कल्पनेचे प्लास्टिकचे डबे वाटले गेले. टोपली देताना कोणी तरी बसून बाळाला झोपवण्याची रीत समजावून सांगते, हा त्या योजनेचा अर्धा भाग. पुढच्या काही वर्षांत त्या देशात महिन्यापुढच्या बाळांचे मृत्यू उतरले, आणि ही उतरण माओरी बाळांत जास्त होती.

फिनलंडचं उदाहरण याहून जुनं. तिथलं सरकार १९३८ पासून गरीब आयांना, आणि १९४९ पासून सर्वच आयांना, कपड्यांनी भरलेलं पुठ्ठ्याचं खोकं देतं. तळाशी गादी असते आणि कित्येक बाळं आयुष्यातली पहिली झोप त्याच खोक्यात घेतात. पण खोकं मिळवायचं तर गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आत तपासणी करून घ्यावी लागते. माझ्या मते बाळं वाचली ती त्या तपासणीनं. खोकं हे तिचं निमित्त. पुठ्ठा मात्र आमच्या पावसात टिकणार नाही.

बांबू टिकतो. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत टोपल्या, सुपं, कणग्या विणणारे हात गावोगाव आहेत. दुकानात "मोझेस बास्केट" म्हणून महाग विकली जाते तीही शेवटी टोपलीच, मोशेच्या आईनं लव्हाळ्याच्या पेटीत बाळ ठेवलं त्यावरून नाव पडलेली. तिचे दोन दोष आम्ही आमच्या टोपलीत येऊ दिले नाहीत: आत लोंबणाऱ्या कड्या आणि खाली लावायचा घडवंचीसारखा स्टँड. आमची टोपली ७५ सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि वीतभर खोल. तळ ताटासारखा सपाट, कारण धान्याच्या टोपलीचा तळ फुगीर असतो आणि ती डुलते. विणणाऱ्या काकांना हे पहिल्यांदा पटेना. सपाट तळाला ताकद नसते, असं त्यांचं म्हणणं, आणि पहिली टोपली खरंच मधून वाकली. मग त्यांनीच खालून तीन जाड कामट्या आडव्या बांधल्या. तळ सरळ राहिला, आणि टोपली ओल्या जमिनीपासून बोटभर उचलली गेली. विणीत हवेला जागा आहे. कडा कापडानं गुंडाळून शिवल्या, कारण बांबूची कूस हातात गेली तर मोठ्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं. रंग नाही, व्हार्निश नाही. आत जुन्या सुती साडीच्या चार-पाच पदरांची, घट्ट टाके घातलेली, टोपलीच्याच मापाची गोधडी.

टोपली आईच्या उशाशी, चुलीपासून दूर, मोठ्या भावंडांच्या विरुद्ध बाजूला. आई कुशीवर वळून हात लांबवते, बाळ घेते, पाजते, परत ठेवते. दोघांवर मिळून एकच मोठी मच्छरदाणी, औषध लावलेली, आणि तिच्या कडा चटईखाली खोचलेल्या. हिवतापापुरतीच ती नाही. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला झोपेतच चावते, पुष्कळदा जाग येईल इतकंही दुखत नाही. खोचलेली मच्छरदाणी तिलाही अडवते. शहरातून येतात त्या छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाण्या दिवसा ठीक. पण त्यांच्याबरोबरची फुगीर गादी आणि उशी काढून टाका, आणि वळायला लागलेल्या बाळाला त्यात ठेवू नका, जाळी तोंडाला चिकटते.

घडीच्या पाळण्यातला "कुठेही नेता येतो" हा गुण मात्र आम्हाला खरंच हवा होता. दिवाळीनंतर इथली अर्धी गावं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्या घरानं उचल घेतली, त्यांचं तान्हं बाळही जातं. तिथे प्लास्टिकच्या, गवताच्या झोपड्या. आई पहाटेच्या अंधारात विटा थापायला उतरते आणि बाळ मिळेल तिथे, कधी विटांच्या रांगेच्या सावलीला. सावली सरकते, आणि ट्रॅक्टर मागे येतो तेव्हा चालवणाऱ्याला जमिनीवरचं गाठोडं दिसत नाही. टोपली डोक्यावर नेता येते, टेम्पोत भांड्यांवर पालथी बसते. भट्टीवर ती झोपडीच्या आतच ठेवायची, वाहनांच्या वाटेवर कधीच नाही. फेब्रुवारीनंतर प्लास्टिकच्या छपराखाली भट्टीसारखंच तापतं. तेव्हा टोपलीवर ऊन अडवायला कापड टाकू नये, आतली हवा कोंडते. झाडाखाली ठेवावी, आणि कोणी तरी जागं हवं. तिथे जाग्या माणसाची वाण आहे, हे टोपलीनं सुटत नाही. आठ-दहा वर्षांची बहीण शाळा सोडून बाळाजवळ बसते. त्यावर पुढच्या अंकात आमचे शाळेकडचे सहकारी लिहिणार आहेत.

टोपली हातात देण्याचं काम आम्ही गावच्या आशाताईंवर सोपवतो. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, घरी झालं तर सात वेळा. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत टोपली नेली की ती आत काय ठेवू नये ते दाखवते, आणि सातव्या दिवशी जाऊन आत काय ठेवलंय ते पाहते. मी बरोबर असते तेव्हा आम्हाला आत बहुतेक वेळा एक उशी सापडते. ताई ती हसत उचलून सासूच्या मांडीवर ठेवते.

आता तुम्ही काय पाठवावं ते सांगते. घडीचे पाळणे नकोत, वापरलेले तर नकोतच. मानेखाली नाडी बांधायच्या सैल कुंच्या नकोत, झोपेत त्या तोंडावर येतात. डोक्याला नीट बसणाऱ्या, बिननाडीच्या, विणलेल्या टोप्या चालतील, लहान बाळांना डिसेंबर-जानेवारीत त्या लागतातच. जाड ब्लँकेटांपेक्षा पुढून उघडणारी सुती झबली आणि पायमोजे जास्त उपयोगी, कारण पांघरूण सरकतं आणि कपडे सरकत नाहीत. मोठ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या हव्यात, दोन माणसं झोपतील एवढ्या. आणि जुन्या सुती साड्या, धुऊन, उन्हात वाळवून, फॉल काढून. नायलॉन किंवा जरीच्या नकोत, त्यात बाळाला घाम येतो आणि टाकाही धरत नाही. एका टोपलीच्या गोधडीला एक साडी पुरते, पाचवारी असली तरी. पार्सलावर "गोधडीसाठी" असं लिहिलंत तर ती थेट शिवणाच्या बायकांकडे जातील.